नमुन्याचं पाणी

१९९२ साली ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या संस्थेनं बांगलादेशातल्या भूजलाविषयी एक अहवाल दिला. मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या दीडशे कूपनलिकांचं पाणी बाटल्यांत भरून तपासलं गेलं होतं. हे पाणी माशांना आणि माणसांना अपायकारक ठरू शकेल का, हा प्रश्न अहवालाच्या शीर्षकातच होता. बरीच मूलद्रव्यं मोजली गेली. आर्सेनिक मोजलं गेलं नाही.

पुढं काय झालं ते बहुतेकांना ठाऊक आहे. १९९३मध्ये चापाई नवाबगंज जिल्ह्यातल्या काही कूपनलिकांत आर्सेनिक सापडलं आणि मग शोधलं तिथं तिथं सापडत गेलं. २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकरणाचं वर्णन एखाद्या लोकसमूहाला झालेली इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा असं केलं. एका बांगलादेशी गावकऱ्यानं त्या ब्रिटिश संस्थेविरुद्ध इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं तो फेटाळला. अहवाल लिहिणाऱ्यांचा त्या गावाच्या पाणीपुरवठ्यावर काही ताबा नव्हता, आणि अहवाल आणि गावकरी यांच्यात कायद्याला लागतो तेवढा जवळचा संबंध नव्हता, असा निकालाचा आशय होता.

या प्रकरणावर कायद्याच्या अंगानं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझा पेशा भूजलाच्या रसायनाचा. नोकरीची बरीच वर्षं निरीक्षण विहिरींचं पाणी बाटलीत भरण्यात आणि दुसऱ्यांनी भरून आणलेल्या बाटल्या तपासण्यात गेली. त्यामुळे मला निकालापेक्षा त्या बाटल्यांत जास्त रस आहे. जमिनीखालचं पाणी बाटलीत येतं म्हणजे नेमकं काय होतं? बाटलीतल्या पाण्यावरून जमिनीखालच्या पाण्याबद्दल कधी बोलता येतं आणि कधी येत नाही? हे प्रश्न साधे दिसतात, पण त्यांची उत्तरं शोधण्यात विसाव्या शतकाचा उत्तरार्ध गेला. बंगालच्या आर्सेनिकाची गोष्ट त्या शोधाच्या अगदी मधोमध येते.

आधी कूपनलिकांबद्दल. बंगालच्या त्रिभुज प्रदेशात पाण्याला तोटा नाही. तळी आहेत, नद्या आहेत, पावसाळ्यात तर शेतंच तळी होतात. पण त्या पाण्यातून पटकी आणि हगवण पसरायची आणि लहान मुलं मरायची. म्हणून १९७०च्या दशकापासून युनिसेफ आणि बांगलादेशचं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी हातपंपाच्या कूपनलिकांचा जोरदार पुरस्कार केला. गाळाची मऊ जमीन, चार माणसं बांबूची परात बांधून एका दिवसात नळी खाली उतरवतात. पाणी निवळशंख, थंड, जंतू जवळपास नाहीत. लोकांनी पुढं स्वतःच्या पैशानं लाखो कूपनलिका बसवल्या. विसाव्या शतकातल्या यशस्वी आरोग्य योजनांत तिची गणना होत होती.

सीमेच्या अलीकडे मात्र इशारा आधीच मिळाला होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपाय खरखरीत झालेले, अंगावर काळे-पांढरे ठिपके पडलेले रुग्ण येऊ लागले. ही आर्सेनिकाची लक्षणं आहेत आणि ते कूपनलिकेच्या पाण्यातून येतंय हे त्यांनी ओळखलं. जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी त्याच दशकाच्या अखेरीपासून गावोगाव फिरून पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा केले आणि २०१८मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत हे काम सोडलं नाही. १९९५मध्ये त्यांच्या पुढाकारानं कोलकात्यात या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आजार आधी दिसला, पाणी नंतर तपासलं गेलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. निरीक्षण विहिरींचं सगळं शास्त्र हा क्रम उलटा करण्यासाठी आहे.

आता बाटलीकडे वळू.

बंगालच्या गाळात आर्सेनिक कुठल्या कारखान्यानं ओतलेलं नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस लेप असतो आणि त्या लेपाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात गाडल्या गेलेल्या झाडापाल्याचं जिवाणू विघटन करतात, त्यात पाण्यातला प्राणवायू संपतो. मग लोहाचा लेप विरघळतो आणि त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. म्हणजे खालचं पाणी प्राणवायूविना असतं, म्हणूनच त्यात लोह आणि आर्सेनिक दोन्ही विरघळलेली असतात.

हे पाणी हापसून वर काढलं की त्याला हवा लागते. लोह पुन्हा गंजतं, तांबूस साका होऊन खाली बसतं आणि बसताना आर्सेनिकाचा बराच भाग स्वतःबरोबर ओढून नेतो. त्या भागातल्या कित्येक पंपांचे ओटे तांबडे पडलेले असतात, ते यामुळेच. रात्रभर कळशीत ठेवून वरवरचं पाणी घेतलं तर त्यात आर्सेनिक कमी असू शकतं.

नमुना घेणाऱ्याच्या बाबतीत हीच गोष्ट घातक ठरते. समजा, कुणी स्वच्छ बाटलीत पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, चिठ्ठी चिकटवली, आणि बाटली पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेत पोचली. तळाशी तांबडा साका बसलाय. वरचं नितळ पाणी काढून तपासलं तर आर्सेनिक कमी भरणार. तपासणाऱ्याचं यंत्र कितीही अचूक असलं तरी ते बाटलीतल्या पाण्याबद्दल खरं सांगेल, विहिरीतल्या पाण्याबद्दल नाही. म्हणून बाटली भरतानाच तिच्यात शुद्ध आम्लाचे काही थेंब घालतात आणि सामू दोनच्या खाली नेतात, म्हणजे लोह आणि आर्सेनिक विरघळलेलेच राहतात.

पण एवढ्यानं भागत नाही. पाणी गढूळ असेल तर आम्ल त्या मातीच्या कणांवर चिकटलेलं आर्सेनिकही सोडवून पाण्यात आणतं, आणि आकडा वाढतो. म्हणून आम्लाआधी पाणी बारीक गाळणीतून काढायचं, रूढ माप म्हणजे ०.४५ मायक्रॉन. तेही जागेवरच, हवा लागून साका धरायच्या आत. आता प्रश्न असा की माणूस तर गाळणीविना पाणी पितो; मग गाळलेलं मोजायचं की न गाळलेलं? दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. जमिनीखाली काय विरघळलंय हे हवं असेल तर गाळलेलं, पोटात काय जातंय हे हवं असेल तर न गाळलेलं. नमुना कशासाठी घेतोय हे बाटली भरण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

याच्याही आधीची पायरी म्हणजे विहिरीत उभं असलेलं पाणी. नळीत साचलेलं पाणी भूजल नसतं, ते कधी काळी भूजल असलेलं पाणी असतं. वरून त्याला हवा लागलेली, नळीच्या लोखंडाचा किंवा प्लॅस्टिकचा संसर्ग झालेला, काही घटक उडून गेलेले, काही तळाशी बसलेले. खेड्यातल्या कुणालाही हे शास्त्र शिकवावं लागत नाही. वापरात नसलेल्या आडाचं पाणी लोक आधी उपसून काढतात आणि झऱ्याचं नवं पाणी आलं की मग पितात.

अमेरिकेत ही गोष्ट नियमात उतरली ती कारखान्यांच्या कचऱ्यामुळे. १९७६मध्ये तिथं घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनाचा कायदा झाला. १९७८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या नायगरा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल प्रकरण उघडकीला आलं. रसायनांच्या जुन्या उकिरड्यावर शाळा आणि घरं उभी होती. अध्यक्ष कार्टर यांना तिथं आणीबाणी जाहीर करावी लागली. १९८०च्या नियमांनी घातक कचरा पुरणाऱ्यांवर आपल्या जागेभोवती निरीक्षण विहिरी खोदण्याची सक्ती केली. भूजल ज्या दिशेनं येतं तिकडे किमान एक आणि ज्या दिशेनं जातं तिकडे किमान तीन. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यातला फरक म्हणजे कचऱ्याचा हिशोब. कल्पना अगदी सरळ होती. पण आता नमुन्याच्या आकड्यावर कोट्यवधी डॉलरचे दंड आणि खटले अवलंबून राहिले, आणि वकील विचारू लागले की हे पाणी काढलं कसं?

तेव्हा रूढ पद्धत होती पोहऱ्याची. आपला पोहरा रुंद तोंडाचा असतो, त्यांचा मनगटाएवढ्या जाडीचा, टेफ्लॉनचा किंवा पोलादाचा, बुडाशी झडप असलेला, दोरीनं नळीत सोडायचा. आधी नळीतल्या उभ्या पाण्याच्या तिप्पट ते पाचपट पाणी काढून फेकायचं, मग नमुना घ्यायचा. दोन इंची नळीत दहा मीटर पाणी उभं असेल तर ते साधारण वीस लिटर भरतं, म्हणजे साठ ते शंभर लिटर फेकायचं.

या पद्धतीतली खोट हळूहळू लक्षात आली. पोहरा वर-खाली होताना नळीतलं पाणी घुसळून काढतो. तळाचा गाळ उठतो, हवा मिसळते, बेंझिन किंवा ट्रायक्लोरोएथिलीनसारखी उडून जाणारी रसायनं उडून जातात. जोरानं उपसलं तर भोवतालच्या थरांतले असे कण ओढले जातात, जे एरवी जागचे हललेही नसते. विहिरीचं खरं पाणी यावं म्हणून केलेली खटपट ते पाणी बदलून टाकत होती. इलिनॉय राज्याच्या जलसर्वेक्षण संस्थेत आणि नंतर मिशिगनमध्ये काम केलेले मायकल बार्सेलोना आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेतले रॉबर्ट पल्स यांनी यावर सतत काम केलं. १९९६मध्ये दोघांनी मिळून मंद उपशाची पद्धत लिहून काढली. नळीच्या जाळीदार भागाशी पंप सोडायचा, मिनिटाला शंभर ते पाचशे मिलिलिटर इतक्या धिम्या गतीनं पाणी काढायचं, विहिरीची पातळी जवळपास हलू द्यायची नाही. किती पाणी काढलं हे मोजण्याऐवजी पाणी स्थिरावलं का ते पाहायचं. सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा दर तीन ते पाच मिनिटांनी मोजायचा. तीन वाचनं एकापाठोपाठ जवळपास सारखी आली की खालचं पाणी आलं असं मानायचं आणि बाटली भरायची.

वर वर पाहिलं तर हा तंत्रातला किरकोळ बदल आहे. मला तो विचारातला बदल वाटतो. आधीचा नियम हिशोबाचा होता, इतके लिटर फेका. नवा नियम पाण्याकडे बघायला सांगत होता.

आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा उचलता येत नाही. एक तर दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांत असतं, बंगालसारखं सलग वाळूत नसतं. सहा इंची उघड्या बोअरमध्ये वेगवेगळ्या खोलीच्या भेगांचं पाणी येऊन मिसळतं, त्यातलं कुणाचं पाणी बाटलीत आलं हे सांगणं कठीण. दुसरं म्हणजे राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या आणि केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींपैकी बऱ्याच विहिरी गावातल्या जुन्या, लोकांच्या वापरातल्या विहिरी आहेत. १९९५पासून जागतिक बँकेच्या मदतीनं झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात फक्त निरीक्षणासाठीच्या बोअर, म्हणजे पिझोमीटर, मोठ्या संख्येनं आल्या, पण त्या मुख्यतः पातळी मोजण्यासाठी. वापरातल्या विहिरीचा एक फायदा असा की गाव रोज उपसत असतं, त्यामुळे पाणी ताजं असतं. ओस पडलेल्या विहिरीचा नमुना घेण्यात मात्र काही अर्थ नसतो, कागदावर ती विहीर कितीही जुनी आणि महत्त्वाची असली तरी.

आणि तिसरी अडचण कुठल्याच पुस्तकात नसते. सहा इंची बोअरमध्ये चाळीस मीटर पाणी असेल तर ते सातशे लिटर होतं. तिप्पट उपसायचं म्हणजे दोन हजारांवर लिटर. पाण्याच्या गुणवत्तेचा नमुना पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत घेण्याची रीत आहे, कारण तेव्हा पातळी सर्वांत खाली आणि क्षार सर्वांत जास्त असतात. मे महिन्यात मराठवाड्यातल्या गावात हापशावर उभं राहून पाणी सोडून द्यायचं, हे करून बघावं. आमच्या गाडीवरचा मदतनीस गावात शिरतानाच हाळी द्यायचा, की हापशावर या, घागरी लावा. बाया यायच्या, हंडे-कळश्यांची रांग लागायची, आमचा उपसा त्यांच्या घरी जायचा. आम्ही बादलीत मीटर बुडवून वाहकता मोजत बसायचो.

अशाच एका गावात एक म्हातारी घागर भरून झाली तरी जाईना. म्हणाली, "सायेब, चांगलं हाय का आमचं पानी?"

मी म्हटलं, "आजी, आता नाही सांगता येणार. प्रयोगशाळेत जाईल, महिनाभरानं कळेल."

"मंग तवर काय पिऊ?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता ती घागर घेऊन गेली.

मला वाटतं, बंगालच्या आर्सेनिकाचा पुढचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

१९९८-९९मध्ये त्याच ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं बांगलादेशच्या खात्याबरोबर देशभर सर्वेक्षण केलं. ६४पैकी ६१ जिल्हे, ३,५३४ कूपनलिका. या वेळी पाणी आम्ल घालून, प्रयोगशाळेत तपासलेलं. उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरला ५० मायक्रोग्रॅम या बांगलादेशच्या मर्यादेच्या वर होतं. जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा लावली तर हे प्रमाण ४६ टक्के होतं. देशाचा नकाशा या सर्वेक्षणानं प्रथमच विश्वासार्ह पद्धतीनं काढला. दक्षिण आणि आग्नेय भाग लाल, वायव्य बराचसा निवळ.

पण माणूस नकाशावर राहत नाही, तो एका विशिष्ट पंपाशेजारी राहतो. कोलंबिया विद्यापीठाच्या अलेक्झांडर व्हान खीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढाक्याजवळच्या अराईहाजार भागात २५ चौरस किलोमीटरमधल्या सुमारे सहा हजार कूपनलिका एकेक करून तपासल्या. एका अंगणातली कूपनलिका विषारी आणि शेजारच्या अंगणातली पिण्याजोगी, असं वारंवार दिसलं. थोड्या अंतरावर, थोड्या खोलीवर गाळ बदलतो आणि पाणी बदलतं. म्हणजे प्रत्येक कूपनलिका स्वतंत्र तपासायला हवी होती, आणि त्या दशलक्षांच्या संख्येत होत्या. त्या सगळ्या बाटल्या प्रयोगशाळेत नेणं शक्यच नव्हतं.

म्हणून जागेवर तपासायचे संच आले. त्यामागचं रसायन एकोणिसाव्या शतकातलं आहे, विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी शोधलेलं. पाण्यात आम्ल आणि जस्त टाकलं की आर्सेनिकाचा वायू होतो. बाटलीच्या तोंडाशी पाऱ्याचा क्षार लावलेली कागदी पट्टी असते, ती पिवळी ते तपकिरी होते. रंग डब्यावरच्या छापील रंगांशी ताडून बघायचा. अशा संचांनी बांगलादेशात जवळपास पन्नास लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. मर्यादेच्या वर असेल तर पंपाचं तोंड लाल रंगवायचं, खाली असेल तर हिरवं.

इथं दोन प्रामाणिक बाजू समोरासमोर आल्या. चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२मध्ये दाखवलं की या संचांचे निकाल पुष्कळदा चुकतात. विषारी पाणी हिरवं ठरतं, चांगलं पाणी लाल ठरतं. रंग डोळ्यांनी ओळखायचा, उजेड कमी-जास्त, तपासणारा थकलेला. चुकीचा हिरवा रंग म्हणजे एका कुटुंबाला वर्षानुवर्षं विष पिण्याची परवानगी, हा त्यांचा आक्षेप खोटा नव्हता. दुसऱ्या बाजूनं व्हान खीन आणि इतरांनी प्रयोगशाळेशी ताडून दाखवलं की एका संचाचे निकाल बहुतांशी बरोबर येतात, चुका मुख्यतः मर्यादेच्या आसपासच्या पाण्यात होतात, आणि पट्टी वीसऐवजी चाळीस मिनिटं ठेवली तर त्यातल्या बऱ्याच टळतात.

माझं सगळं शिक्षण मला पहिल्या बाजूला ओढतं. गाळणी, आम्ल, बर्फाची पेटी, तीन सारखी वाचनं, दर काही बाटल्यांमागे एक कोरी बाटली आणि एक जोडनमुना, हे सोडून आकडा द्यायचा तर हात थरथरतो. पण आजीचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. वर्षानं मिळणारा अचूक आकडा आणि आत्ता मिळणारा बराचसा बरोबर रंग यांत तिला रंगच उपयोगाचा आहे. लाल पंप दिसलेल्या कुटुंबांतली बरीच शेजारच्या हिरव्या पंपावर जाऊ लागली, आणि पाणी बदलण्याइतका स्वस्त उपाय तेव्हा दुसरा कुठलाच नव्हता. विश्वासार्ह नमुना म्हणजे सर्वांत अचूक नमुना नव्हे. ज्या निर्णयासाठी घेतला तो निर्णय पेलेल असा नमुना, असं मी आता म्हणेन. कोर्टात जायचं असेल तर मंद उपसा आणि मोहोरबंद पेटीच हवी. आज संध्याकाळी कुठल्या पंपावर जायचं एवढंच ठरवायचं असेल तर नीट वापरलेली कागदी पट्टी चालेल, अट इतकीच की तिची चूक किती आणि कुठं होते हे ठाऊक असावं आणि कुणीतरी दर काही पंपांमागे एक बाटली प्रयोगशाळेत पाठवून ते तपासत राहावं.

या दोन्हींपैकी कुठल्याच पद्धतीनं १९९२चा घोटाळा टळला नसता, हे मात्र मान्य करावं लागतं. तिथं बाटली कशी भरली हा मुद्दाच नव्हता. बाटलीला आर्सेनिकाबद्दल विचारलंच गेलं नव्हतं, आणि पाणी न विचारलेलं सांगत नाही. कोलकात्यात तोवर दहाएक वर्षं रुग्ण दिसत होते. मधे होती फक्त एक सरहद्द. त्वचारोगतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागातली माहिती भूजलाच्या तपासणी यादीपर्यंत पोचली नाही. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडनं दात आणि हाडं खराब होतात, तिथंही विहिरीआधी गावच्या शाळेतल्या मुलांचे दात बघावेत, असं मी नव्या मुलांना सांगत असे. कुठलं मूलद्रव्य मोजायचं याची यादी तिथून सुरू होते.

ह्यूमन राइट्स वॉचनं २०१६च्या अहवालात म्हटलं की बांगलादेशात सुमारे दोन कोटी लोक अजूनही आर्सेनिकाचं पाणी पितात. पंपांवरचे लाल-हिरवे रंग केव्हाच उडाले. त्यानंतर लोकांनी स्वतःच्या पैशानं नव्या कूपनलिका बसवल्या, त्यांतल्या कितीतरी कधीच तपासल्या गेल्या नाहीत. जुन्या हिरव्या पंपाशेजारी उभ्या असलेल्या नव्या, बिनरंगी पंपाकडे बघून माणूस असंच समजणार की पाणी तेच असेल. ते तसं असेलच असं नाही, एवढंच त्या सहा हजार बाटल्यांनी सिद्ध केलं होतं. तो नवा पंप पुन्हा हापसावा लागेल, पाणी निवळेपर्यंत थांबावं लागेल, आणि बाटली नव्यानं भरावी लागेल.